तोरणाखालचं उत्तर

रोहणा, ता. आर्वी
४ फेब्रुवारी २०२५

आकांक्षा,

आशीर्वाद लिहायचा की नाही यातच पहिला कागद वाया गेला. लिहिला आहे असं समज आणि पुढे वाच.

फोन करत नाही, कारण तू बोललीस की मी ठेवतो आणि मी बोललो की तू ठेवतेस. कागद निदान शेवटपर्यंत जातो.

तुझ्या वकीलबाई, नमिता मॅडम, काल नागपूरहून येऊन गेल्या. दिवाळीत तू अंगणात उभी राहून "मी पोट्टा हाय, माह्यं नाव आता माणिक" म्हणालीस, शेजारपाजार जमा केलास आणि मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून नागपूरला निघून गेलीस. आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच. काल कळलं की ते लग्न नव्हतं, दवाखाना होता. छातीचं ऑपरेशन करून घेतलंस. जानेवारीत युनिटच्या डॉक्टरला ते दिसलं आणि चौकशी बसली. फौज म्हणते, आम्ही हिला लष्करी पोलिसांत बाई म्हणून घेतलं, आता ही पुरुष म्हणते, अशा माणसाला ठेवायची आमच्याकडे सोय नाही.

बाईंनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. हे जर तुला भरतीच्या आधीपासून ठाऊक होतं, तर तू लपवलंस, फौजेला फसवलंस, आणि मग घरी बसवण्यावाचून दुसरं काही नाही. नोकरीत आल्यावर कळलं असेल, तर फसवणूक नाही. मग तुझी इतक्या वर्षांची नोकरी बोलेल, आणि अशा माणसानं फौजेत का राहू नये, यावर त्या भांडतील. म्हणजे सगळं अडलंय ते तुला कधी कळलं यावर, आणि ते विचारायला फौजेची माणसं आमच्या दारात येणार आहेत. मी त्यांना एक वाक्य सांगायचं. घरी आम्हाला कधी काही दिसलं नाही.

मी हसलो. दिवाळीपासून मी पानठेल्यावर, सोसायटीत, आर्वीच्या बाजारात हेच वाक्य सांगत फिरतो आहे. त्यासाठी वकील कशाला लावला? खरंच आहे ते. काही दिसलं नाही. पोळ्याचं काहीतरी तू बाईंना बोललीस म्हणे. मला तसलं काही आठवत नाही.

आणि ते नाव. तू पोटात असताना तुझ्या आईनं मुलगा झाला तर म्हणून राखून ठेवलेलं नाव होतं ते. न विचारता उचललंस.

वाक्य मी सांगेन. भरती झालीस तेव्हा आर्वीच्या स्टँडवर तुझा फ्लेक्स लागला होता, बँड लावून तुला शाळेपर्यंत नेली होती. ती वर्दी अंगावरून उतरलेली मला पाहायची नाही. यापलीकडे माझ्याकडून अपेक्षा ठेवू नकोस.

महादेवराव

०

रोहणा
३० मार्च २०२५, पाडवा

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. तरी एक गोष्ट कळवणं भाग आहे.

पट्टी बंद पडली.

तू दहावीत होतीस तेव्हा मी वावराच्या चारी बाजूंनी पऱ्हाटीच्या काही ओळी कमी पेरून धुरा रुंद केला होता, वखर फिरवून, रोलर ओढून, तुला पळायला. लोकांनी मला येड्यात काढलं. मग तू भरती झालीस आणि दर सुट्टीत गावातल्या पोरींना त्याच पट्टीवर पळवायला लागलीस, तेव्हा तेच लोक आपापल्या पोरी घेऊन आले. तू नसतानाही त्या रोज सकाळी येत. मी चहा घेऊन धुऱ्यावर बसायचो आणि हळू पळणारीला हाका मारायचो.

दिवाळीनंतर एकेक कमी झाली. शेवटी शकुंतलाबाईची नात तेवढी उरली होती. परवा शकुंतलाबाई स्वतः वावरात आल्या आणि पोरीला हाताला धरून घेऊन निघाल्या. मी विचारलं, काय झालं?

"भाऊ, पोरीचं लग्न जमवाचं हाय मले," त्या म्हणाल्या. "पयता पयता आमची बी पोट्टी पोट्टा झाली, त कोनाले तोंड दाखवू?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "पयल्यानं पोट्टा होत असतं ना बाई, त तुमच्या राकेशले आदी पयवा. तो बी होऊन जाईल."

राकेश, त्यांचा नातू, तिथेच मोटरसायकलवर बसला होता. तीन भरत्यांतून पहिल्याच फेरीत बाहेर पडलेला पोरगा तो. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, तर ती दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली. डोळ्यांना पदर लावून हसली. मग भांडी विसळता विसळता मला म्हणाली, "तुमाले पोळा आठवते ना? खरं सांगजा."

मी उठून बाहेर गेलो. पण ती पुरणाचा घाट घालते आहे आज, वास घरभर आहे, आणि आता नाही लिहिलं तर पुन्हा लिहिणार नाही.

आठवतो. तू सहावीत. माझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि हौशा नि राजाची बैलजोडी तोरणाखाली नेणारं घरात कोणी नव्हतं. तू माझा दुपट्टा डोक्याला बांधलास आणि कासरा हातात घेऊन निघालीस. मी पारावर बसून पाहत होतो. पोळ्याचे मानकरी माधवराव तोरणाखाली काठी घेऊन उभे होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "महादेवरावची जोडी औंदा कोन आनून राह्यलं?" आणि तू एवढ्या मोठ्यानं सांगितलंस, की बैल बिचकले. "मी. महादेवरावचा पोट्टा."

सगळा गाव हसला. टाळ्या पडल्या. "पोट्टी नाई, पोट्टाच हाय," असं जो तो मला येऊन सांगून गेला. मुलगा नसलेल्या बापाला याहून काय पाहिजे? मी फुगलो. घरी आल्यावर तुझी आई बैलांना ओवाळत होती तेव्हा तू माझ्याजवळ आलीस आणि हळूच म्हणालीस, "बाबा, लोक मजाक समजून राह्यले. म्या खरं सांगतलं."

मी म्हणालो, पुरणपोळी खा, थंडी होते.

बस, एवढंच बोललो मी. नंतर तुझ्या भरतीच्या सत्काराच्या दिवशी माईक हातात आला तेव्हा मीच गावापुढे ओरडलो, "हे माह्यी पोट्टी नाई, पोट्टाच हाय!" तू स्टेजवर होतीस. माझ्याकडे कशी पाहत होतीस ते मी तेव्हा पाहिलं आणि काही पाहिलंच नाही असं केलं.

तर मला ठाऊक होतं. हे वकिलांना दाखवू नकोस. वाचून फाडून टाक.

बाबा

०

रोहणा
२१ मे २०२५

माणिक,

आई म्हणाली, नावापासून सुरू करा, बाकी जमेल. केलं.

तुझा मेसेज आईच्या फोनवर आला, तो तिनं गल्लीत सगळ्यांना दाखवला. "गाड्यांच्या रांगांना रस्ता मोकळा करून देतोय. झोप कमी आहे, बाकी ठीक." सीमेवर तो धुमाकूळ चालला होता ते दिवस आम्ही टीव्हीपुढेच होतो. तुझी चौकशी तेवढ्यापुरती बाजूला ठेवली, असं नमिता मॅडम म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, म्हणजे गोळीबार चालू असताना हा चालतो आणि थांबला की चालत नाही? त्या म्हणाल्या, काका, हेच मी तिथे विचारणार आहे.

त्या दिवसांत गाव पुन्हा आमच्या दारात यायला लागलं. सहा महिने ज्यांनी रस्ता बदलला ते संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. माधवराव मारुतीचा प्रसाद घेऊन आले. आता त्यांना दिसत कमी, पण काठी तीच आहे.

"पोट्टी सुखरूप हाय ना?" त्यांनी विचारलं.

"पोट्टा सुखरूप हाय," तुझी आई म्हणाली. तिला, आनंदाबाईला, मी तीस वर्षं ओळखतो. चारचौघांत पुरुषांच्या मधे बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. माधवरावांनी प्रसाद ओट्यावर ठेवला आणि ते काठी टेकत गेले. पण ठेवला. परत नेला नाही.

जून महिन्यात फौजेची माणसं येतील असा निरोप आहे. आम्ही तालीम करतो आहोत. तुझी आई खुर्चीत साहेब होऊन बसते आणि विचारते, "बोलो, आपको कब मालूम पडा?" मी म्हणतो, घरी आम्हाला कधी काही दिसलं नाही, आणि लगेच पुढे काहीतरी जोडायला जातो. ती ओरडते, "एवढंच! वर काई जोडू नोका. तुमचं तोंड म्हन्जे सुटलेलं वासरू हाय."

ती म्हणते ते खरं आहे. पण यावेळी धरून ठेवीन. तुझी वर्दी राहू दे. बाकीचं मग आपण दोघं पाहू. पोळ्याला सुट्टी मिळते का बघ. हौशा आता राहिला नाही, राजा आहे, त्याच्या जोडीला नवा घेतलाय. बुजरा आहे. तुझ्या हातात राहील.

तुझा
बाबा

०

रोहणा
१८ जून २०२५

माणिक,

आज ते येऊन गेले. जीप गेल्यावर लगेच लिहायला बसलो आहे. दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

एक बाई कॅप्टन होत्या, साताऱ्याकडच्या, आणि एक वयस्क सुभेदार, लॅपटॉप घेऊन. दोघंही चांगली माणसं. चांगली नसती तर बरं झालं असतं, मी सावध राहिलो असतो. सुभेदार आल्या आल्या म्हणाले, "ड्यूटी में आपका बच्चा एक नंबर है." आईनं चहा ठेवला.

कॅप्टनबाईंनी विचारलं, तुम्हाला घरी कधी काही जाणवलं होतं का? मी वाक्य सांगितलं. नीट सांगितलं, वर काही जोडलं नाही. दाराआड तुझ्या आईचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

मग त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. तुझा सत्कार. माझा माईक, माझा आवाज. "पोट्टी नाई, पोट्टाच हाय!" कोणी पाठवला कोणास ठाऊक, गावात सगळ्यांकडे आहे. बाईंनी विचारलं, "इसका क्या मतलब था, काका?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "कहने का तरीका है ना? मेरे पापा भी बोलते हैं." त्या मला वाट दाखवत होत्या, माणिक. मला तेव्हा कळलं होतं. मी मान डोलावली. सुभेदारांनी ते टाइप केलं. झालं होतं. तुझं काम झालं होतं.

चहा पिऊन झाला. सुभेदार लॅपटॉप पिशवीत ठेवत होते. माझं तोंड उतरलेलं पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिल छोटा मत करो, भाईसाब. डॉक्टर ने लिखा है दिमाग की बीमारी है, नौकरी के टेन्शन में लग जाती है. पहले तो बच्ची ठीक थी, आपने खुद बोला. इलाज कराएँगे. बस हथियार हाथ में नहीं देंगे."

आपने खुद बोला. मी सांगितलेल्या वाक्यातूनच त्यांनी तुला वेडा केला होता. नमिता मॅडमनी मला हे सांगितलंच नव्हतं, की आधी काही नव्हतं म्हटलं तर नंतर झालं त्याला आजार म्हणतील. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही? मला आता आठवत नाही.

मी म्हणालो, "मेरा पोट्टा पागल नहीं है, साहब."

कॅप्टनबाईंनी हात वर केला. "काका, रुकिए." मी थांबलो नाही.

"छटवी में था तबसे बोल रहा है वो," मी म्हणालो. "मैंने सुना नहीं वो बात अलग. मेरे कू मालूम था, उसकी माँ कू मालूम था, उस कू तो सबसे पहले मालूम था. नौकरी से कुछ नहीं लगा उसको. पैदा हुआ तबसे वैसाच है, और वैसाच तुम्हारे यहाँ काम किया. पूछो अपने अफसर को, कौनसी ड्यूटी में कम पडा?" मग मी पोळा सांगितला. दुपट्टा, कासरा, माधवराव, तू काय बोललास ते, मी काय बोललो ते. सगळं. लॅपटॉप पिशवीतून परत बाहेर आला होता.

खरं सांगतो, बोलताना मला बरं वाटत होतं. छाती हलकी होत होती. मला वाटलं, आज मी माझ्या पोराच्या बाजूनं उभा आहे.

त्यांनी जबाब वाचून दाखवला, मी सही केली. फाटकापाशी कॅप्टनबाई मराठीत बोलल्या. "काका, तुम्ही खरं बोललात. आज नको होतं बोलायला." तरी मला कळलं नाही. मी घरात आलो. तुझी आई चुलीपाशी बसली होती. "बोललात ना शेवटी," ती म्हणाली, आणि मला वाटलं शाबासकी देते आहे.

मग नमिता मॅडमना फोन केला आणि मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "काका, सही झाली का?"

मला आता जे कळलंय ते तुला आधीच कळलं असेल. मी काय केलं हे माझ्यानं लिहिलं जात नाही. तू फोन कर. शिव्या दे. मी ठेवणार नाही.

बाबा

०

रोहणा
२३ ऑगस्ट २०२५, तान्हा पोळा

माणिक,

तुला काढल्याला महिना झाला. कारण लिहून आलं, भरतीच्या वेळी माहिती लपवली. नमिता मॅडम वरच्या कोर्टात जाणार आहेत, पण त्यांचा आवाज आता पहिल्यासारखा नाही. तिथे पहिल्याच पानावर माझा जबाब आहे, त्या म्हणाल्या. बापाचाच जबाब, त्याला कापायचं कसं? तू कुठे आहेस ते त्या सांगत नाहीत. तू मनाई केली आहेस. पत्र दिलं तर घेतोस, वाचतोस की नाही ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

आई बरी आहे म्हणायची. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझी वर्दीतली तसबीर तिनं काढली नाही आणि कोणाला काढू देणार नाही. पट्टीवर गवत माजलं आहे. मी ती नांगरायला दोनदा नांगर जुंपला आणि दोन्ही वेळा सोडला.

काल पोळा होता. जाणार नव्हतो. पण राजा सकाळपासून खुंट्याला ओढ घेत होता, त्याला दिवस कळतो. मी दोघांना धुतलं, शिंगं रंगवली, झूल घातली आणि स्वतः कासरा धरून निघालो. तुझी आई दारात आली. माझ्या डोक्याला दुपट्टा तिनं बांधला.

तोरणाखाली झडत्या, एकमेकांना टोमणे मारणारी कवनं, चालल्या होत्या. आमची जोडी दिसली तसा राकेश पुढे झाला. पट्टीवरचं माझं बोलणं त्यानं जपून ठेवलं होतं. हात वर करून म्हणाला,

"पेरली होती पऱ्हाटी, निंघाला जवारीचा चारा,
फौजेत धाडली कालवड, वापस आला गोऱ्हा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळं गाव हसलं. पोळ्याच्या झडतीवर राग धरायचा नसतो, ती रीत आहे, मीही आजवर कित्येकांवर म्हटल्या आहेत. नवा बैल मागे सरायला लागला. मी कासरा मनगटाला गुंडाळून उभा राहिलो.

माधवरावांना झडती नीट ऐकू आली की नाही, माहीत नाही. त्यांनी काठी आपटून लोकांना गप्प केलं आणि डोळे बारीक करून आमच्याकडे पाहिलं. मग नेहमीचं विचारलं, "महादेवरावची जोडी औंदा कोन आनून राह्यलं?"

मी इथंच आहे, मीच आणली, असं सांगायला हवं होतं. सगळ्यांना दिसतच होतं.

"माह्या पोट्टा आननार होता," मी म्हणालो. "माणिक. सुट्टी नाई भेटली त्याले. ड्युटीवर हाय."

कोणी हसलं नाही. तुला काढलं हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. राकेशनं खाली पाहिलं. माधवरावांनी काठी बाजूला घेतली आणि मी दोघांना घेऊन तोरणाखालून गेलो. घरी तुझ्या आईनं बैलांना ओवाळलं, तुझ्या वाटणीचा बोजारा, जोडी आणणाऱ्याची ओवाळणी, देव्हाऱ्यात ठेवला आणि मला पुरणपोळी वाढली. मी ती थंडी होईपर्यंत तशीच बसून होतो.

एवढ्या लोकांसमोर बोललो, आणि जीभ जराही अडखळली नाही. वर काही जोडलंसुद्धा नाही. मला खोटं बोलता येतं, माणिक. त्या दिवशी आलं नाही.

तुझा
बाबा